कांगारूवाल्यांची वर्गणी

प्रागमध्ये आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी एकेक क्रोन, म्हणजे इथला रुपया, दहादा मोजतात. जिन्यात आपोआप विझणारे दिवे बसवायचे की नाही, यावर रहिवाशांच्या बैठकीत त्या पाऊण तास भांडल्या आणि शेवटी जिंकल्या. आमच्या जिन्यात अजून जुनेच दिवे आहेत. याच आजींनी २००५ साली एका बुडीत फुटबॉल क्लबसाठी पदरचे पैसे भरले होते, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. परत मिळणार नाहीत हे पक्कं माहीत असताना भरले. किती, ते सांगितलं नाही. मी आपला देशी प्रश्न विचारला, “मग बदल्यात काय मिळालं?” आजी म्हणाल्या, “शनिवारी मॅच आहे की!” आणि दार लावून घेतलं. इथे दार लावणं म्हणजे राग नव्हे, बोलणं संपलं एवढंच.

तेव्हापासून हे डोक्यात भुंग्यासारखं फिरतंय, म्हणून लिहून टाकतो.

क्लबचं नाव बोहेमियन्स. लोक लाडानं ‘बोहेमका’ म्हणतात. प्रागचा फुटबॉल म्हटलं की तुम्हाला स्पार्टा आणि स्लाव्हिया ही नावं ठाऊक असणार. बक्षिसं, पैसा, युरोपातल्या मोठ्या रात्री, सगळं त्या दोघांकडे. त्यातही स्लाव्हियाचं एडन स्टेडियम आणि बोहेमियन्सचं मैदान एकाच भागात, व्हर्शोव्हित्सेमध्ये, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे घरासमोरच साखर कारखान्याच्या चेअरमनचा बंगला आणि आपलं दोन खणी घर, असा मामला. तरीही या दोन खणी घराला लोक जीव लावतात.

सुरुवात १९०५ची. तेव्हा नाव होतं ए.एफ.के. व्हर्शोव्हित्से. हा भाग त्या वेळी प्रागमध्ये नव्हताच, १९२२ साली शहर पसरलं तेव्हा तो पोटात आला. मग १९२७ मध्ये क्लबला ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याचं बोलावणं आलं. त्या काळी मध्य युरोपातल्या एका उपनगरी क्लबनं बोटीतून ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणजे काय झालं असेल, विचार करा. तिथल्या लोकांना व्हर्शोव्हित्से म्हणता येईना, म्हणून बोहेमियन्स हे सोपं नाव घेतलं. यजमानांनी निरोपाला दोन जिवंत कांगारू दिले. पाहुण्यांना श्रीफळ-शाल देतात तसे! ते प्रागपर्यंत आणले आणि तेव्हापासून क्लबच्या चिन्हावर हिरवा कांगारू उडी मारतोय. समर्थकही स्वतःला कांगारूच म्हणवतात. चेक प्रजासत्ताकाला समुद्र नाही, जंगलात रानडुकरं आणि हरणं, आणि ट्रॅममध्ये हिरवा-पांढरा मफलर गुंडाळलेले साठीचे आजोबा छातीवर कांगारू मिरवतात. हे बघून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. आता येत नाही.

पुढे राजवटी बदलल्या आणि प्रत्येक राजवटीनं क्लबच्या नावाची पाटी बदलली. जर्मनांच्या ताब्यात देश असताना नाव बोहेमिया झालं. कम्युनिस्टांच्या काळात कधी सोकोल, कधी रेल्वेवाल्यांचा क्लब, आणि काही वर्षं तर चक्क ‘स्पार्ताक प्राग स्तालिनग्राद’. ते नाव ज्या कारखान्याच्या छत्राखाली क्लब गेला त्या कारखान्यावरून पडलेलं. नंतर सी.के.डी. या इंजिनं आणि ट्रॅम बनवणाऱ्या अवजड उद्योगाचं नाव लागलं आणि १९६५ मध्ये ‘बोहेमियन्स’ परत आलं. मधल्या काळात मैदानावरचे लोक मात्र तेच नाव घेत राहिले. आपल्याकडे रस्त्यांची नावं बदलली तरी रिक्षावाला जुनंच विचारतो, त्याच जातीचा हा हट्ट.

भारतातून कुणी पाहुणा आला आणि त्याला मी बोहेमियन्सचं सांगायला लागलो, की तो लगेच म्हणतो, “पनेन्का ना?” हो, पनेन्काच. २० जून १९७६, बेलग्रेड, युरोपियन स्पर्धेचा अंतिम सामना. समोर पश्चिम जर्मनी, म्हणजे तेव्हाचे विश्वविजेते. २-२ बरोबरी, मग पेनल्टी. उली होनेसचा फटका आडव्या दांड्यावरून आकाशात गेला आणि चेकोस्लोव्हाकियाची शेवटची पेनल्टी अंतोनिन पनेन्काच्या पायाशी आली. गोलरक्षक सेप मायर डावीकडे झेपावला आणि पनेन्कानं चेंडू हळूच, चमच्यानं उचलल्यासारखा, जाळ्याच्या मधोमध टाकला. आज जगात कुठेही कुणी असा फटका मारला तरी त्याला पनेन्काच म्हणतात.

पण मला आवडतो तो यामागचा भाग. हा फटका बेलग्रेडमध्ये जन्मला नाही, तो बोहेमियन्सच्या सरावात जन्मला. सराव संपला की पनेन्का आणि क्लबचा गोलरक्षक झ्देन्येक ह्रुश्का पेनल्टीवर पैज लावायचे. बिअरची नाहीतर चॉकलेटची. ह्रुश्का भारी होता, पनेन्का हरत राहायचा आणि रात्री पडल्या पडल्या विचार करायचा. गोलरक्षक शेवटच्या क्षणी कुठल्यातरी बाजूला पडतोच, मग मध्ये टाकला तर? राष्ट्रीय संघात त्याचा खोलीतला सोबती, गोलरक्षक इव्हो व्हिक्टर, त्याला बजावत होता की फायनलमध्ये असला वेडेपणा करू नकोस. त्यानं केला. जगातला सगळ्यात उद्धट पेनल्टी फटका म्हणजे चॉकलेट वाचवायची युक्ती होती!

गंमत बघा, याच पनेन्कानं बोहेमियन्सला कधी लीग जिंकून दिली नाही. १९६७पासून तो इथे खेळला, १९८१ मध्ये व्हिएन्नाच्या रॅपिडकडे गेला, आणि दोनच वर्षांनी, १९८२-८३च्या हंगामात, प्रशिक्षक तोमाश पोस्पीखलच्या हाताखाली बोहेमियन्सनं चेकोस्लोव्हाकियाची लीग जिंकली. क्लबच्या आयुष्यातलं हे एकमेव अजिंक्यपद. त्याच हंगामात युएफा कपमध्ये सेंट-एटियेन आणि डंडी युनायटेडला घरी पाठवून उपांत्य फेरी गाठली, तिथे अँडरलेख्टनं अडवलं. त्यानंतर तसं वर्ष आलेलं नाही. आजींना विचारलं तर त्या १९८३बद्दल दोन वाक्यं बोलतात आणि २००५बद्दल अर्धा तास.

तर २००५. एव्हाना क्लब खासगी कंपनीच्या हाती होता, कर्ज डोक्यावरून गेलं होतं आणि संघ दुसऱ्या विभागात घसरला होता. हंगाम चालू असतानाच त्याला स्पर्धेतून बाहेर काढलं. बरोब्बर शंभराव्या वर्षी. वाढदिवसाचा केक आणायचा तर तेराव्याची तयारी, असा प्रकार. शहरात आणखी दोन मोठे क्लब आहेतच, तिकडे जा, हा शहाणपणाचा सल्ला होता. लोक तिकडे गेले नाहीत. त्यांनी समर्थकांची एक सहकारी संस्था काढली आणि पैसे गोळा करायला सुरुवात केली.

मी पुन्हा सांगतो, सहकारी संस्था. आम्हा कोल्हापूरकरांना हा शब्द शिकवायला कुणी युरोपातून यायला नको. पण फुटबॉल क्लब वाचवायला सहकार? तेही अशा देशात, जिथे चाळीस वर्षं सहकार सरकारनं सक्तीनं लादला आणि लोकांच्या मनातून उतरवून टाकला? तिथल्या लोकांनी स्वखुशीनं खिशात हात घातला. कुणी शंभर क्रोन, कुणी हजार. शेअरचा भाव वाढणार नव्हता, लाभांश मिळणार नव्हता, दिवाळीला साखरही नव्हती. त्या पैशांच्या बळावर क्लब पुन्हा उभा राहिला, ‘बोहेमियन्स १९०५’ म्हणून तिसऱ्या पातळीवरून खेळायला लागला आणि २००७ मध्ये पहिल्या विभागात परतला. अध्यक्षपदी पनेन्का.

यानंतर जे झालं त्यानं मला फार बरं वाटलं, कारण त्यावरून कळलं की भाऊबंदकी फक्त आपल्याकडे नाही. क्लब बुडाला त्या गोंधळात बोहेमियन्सचं नाव आणि चिन्ह वापरण्याचा हक्क शहराच्या दुसऱ्या टोकाच्या स्त्रीझ्कोव्ह इथल्या एका संघानं भाड्यानं घेतला. झालं, प्रागमध्ये दोन बोहेमियन्स! २००९-१०च्या हंगामात दोघेही पहिल्या विभागात. स्त्रीझ्कोव्हवाले खऱ्या बोहेमियन्सशी खेळायला मैदानात उतरलेच नाहीत, त्यांचे भरपूर गुण कापले गेले आणि ते खाली गेले. नावाचा खटला मात्र वर्षानुवर्षं कोर्टात. आमच्या वाड्याच्या वाटणीचा दावा यापेक्षा थोडासाच लांबला.

मग मैदानाची भानगड. द्योलीचेक म्हणतात त्याला, १९३२ मध्ये उघडलेलं, बोतिच ओढ्याच्या काठाला, चहूबाजूंनी इमारती. ट्रॅमचा थांबाच ‘बोहेमियन्स’ नावाचा आहे. मोक्याच्या जागेवर बिल्डरांचा डोळा असणारच. मध्ये दोन हंगाम संघाला शेजारी स्लाव्हियाच्या एडनमध्ये भाड्यानं खेळावं लागलं, चेअरमनच्या अंगणात. समर्थकांनी मोर्चे काढले, महापालिकेच्या मागे लागले आणि शेवटी २०१६ मध्ये प्राग शहरानं मैदान विकत घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, परदेशात गेला आणि तिकडचे गोडवे गायला लागला. थांबा जरा. मी ज्या गावात वाढलो तिथे शाहू स्टेडियमवर पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ) विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असेल तर पेठांतली अर्धी दुकानं बंद असतात. ते क्लब कुणा उद्योगपतीचे नाहीत, तालमींचे आहेत. दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, सगळ्या तालमी. पोरांचे बूट, प्रवास, बाहेरून आणलेल्या खेळाडूचं मानधन, सगळं पेठ उचलते. आजींनी २००५ मध्ये एकदा केलं ते आमच्याकडे दर हंगामात होतं आणि त्यावर कुणी लेख लिहीत नाही. आमच्या प्रेक्षकांत मारामाऱ्या होतात म्हणून पुण्या-मुंबईचे लोक नाकं मुरडतात. त्यांनी एकदा स्पार्टा-स्लाव्हियाच्या दिवशी प्रागमधला पोलीस बंदोबस्त बघावा. घोड्यांसकट असतो.

पण एवढं बोलून झाल्यावर एक गोष्ट घशात अडकते. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०ला कंपनीनं संघ बंद केला. पुण्यात एफसी पुणे सिटी २०१९ला मिटला. दोन्ही वेळा आम्ही काय केलं? फेसबुकवर हळहळलो. वर्गणीचं पुस्तक कुणी छापलं नाही, आणि छापलं असतं तरी पैसे घ्यायला समोर होतं कोण? कंपनीनं काढलेला संघ कंपनीनं मोडला. पेठेचा संघ मोडायचा तर आधी पेठ मोडावी लागेल. व्हर्शोव्हित्सेचं तेच आहे. आजींचे वडील त्याच उभ्या राहायच्या जागेवर उभे राहायचे, लग्नाआधी नवरा तिथेच भेटला. अशा माणसाकडे वर्गणी मागितली तर तो पावती मागत नाही. मुंबई-पुण्याच्या या संघांना असं गल्लीबोळातलं घर मिळालंच नाही, त्यात प्रेक्षकांचा सगळा दोष काढू नका.

आणि मी? तालमीची वर्गणी मी भावाला सांगून भरतो, अगदी दरवर्षी नाही, पण भरतो. अंतर आहे, विनिमयाचा दर आहे, पोरांच्या शाळा आहेत. इथे हंगामाचा पास काढला म्हणून तिकडचं देणं चुकवलं असं होत नाही, असं आमच्या भावाचं मत आहे. त्याला वर्षातून एकदाच सामना बघायला वेळ मिळतो, तेव्हा त्याच्या मताला मी किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

२०२२-२३ मध्ये बोहेमियन्स लीगमध्ये चौथे आले आणि युरोपच्या पात्रता फेरीत पोचले. नॉर्वेच्या बोडो-ग्लिम्टनं लगेच हरवलं, तरी व्हर्शोव्हित्सेत आठवडाभर सणाचं वातावरण होतं.

कुणी प्रागला येणार असेल तर कार्ल पूल पहाटे उरकून घ्या, दुपारी गर्दीत काही दिसत नाही. मग ट्रॅम पकडून द्योलीचेकला या. सहा-सात हजारांचं मैदान आहे, तिकीट आधी काढा, विशेषतः स्लाव्हियाशी सामना असेल तर. सॉसेज खा, बिअर चालत असेल तर तीही. स्लाव्हियाचं लाल-पांढरं काही घालू नका, स्पार्टाचं मरून तर अजिबातच नको. आणि पनेन्काचं नाव काढलंत तर शेजारचा माणूस ह्रुश्काची पैज सांगायला सुरुवात करील. माहीत आहे असं म्हणू नका, पूर्ण ऐकून घ्या.