लातूर ते मालदीव: स्कूबाला गेलो त्याचा वृत्तांत, अन् काय काय चुकलं ते

आधीच सांगतो, मी काही पट्टीचा डायव्हर नाही. लातूरजवळ कृषी सेवा केंद्र आहे, खत-बियाणं विकतो, अन् पोहायला शिकलो ते आज्याच्या विहिरीत पाठीला डालड्याचा डबा बांधून. त्या विहिरीत आमची पैज असायची, बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं, ज्याचा दम मोठा तो गडी. त्यामुळं मला वाटलं स्कूबा म्हणजे आपला हातचा मळ, वरून पाठीला हवेचा सिलेंडर, मंग तर काय विषयच नाही. झालं बरोबर उलटं, ते पुढं येतंच.

गेलो फेब्रुवारीत, मी, बायको अन् पुण्यातला मेहुणा. रब्बीचं खत विकून झालेलं असतं, खरिपाची गडबड अजून लांब असते, दुकान पुतण्याच्या जिवावर टाकता येतं, अन् तिकडं डिसेंबर ते एप्रिल कोरडा सीझन, पाणी नितळ. मे ते नोव्हेंबर रेट उतरतात पण वारा-पाऊस असतो. मांटा रे (पंखासारखे पसरलेले मोठे चपटे मासे) बघायचेच असतील तर मात्र तोच काळ, बा अटॉल नावाच्या बेटांच्या कड्यातल्या हनिफारू बेला जून ते नोव्हेंबर त्यांचे थवेच्या थवे येतात, पण तिथं सिलेंडर लावून उतरू देत नाहीत, नुसतं स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून वर तरंगत बघायचं.

लातूर एक्सप्रेसनं मुंबई, मुंबईहून थेट विमान, तीन तासांच्या आत माले, म्हणजे मालदीवची राजधानी. व्हिसा आधी काढावा लागत नाही, तिथं उतरल्यावर मिळतो, पण इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म निघायच्या आधीच्या ९६ तासांत भरावा लागतो. तो फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती खरी नव्हे. परतीचं तिकीट अन् हॉटेलचं बुकिंग प्रिंट काढून जवळ ठेवा. दारू न्यायची नाही, मेहुण्यानं ड्यूटी फ्रीची बाटली घेतलीच, ती उतरल्या उतरल्या जमा झाली. अजून एक, सी-प्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) फक्त उजेडात उडतं, त्यामुळं लांबचं बेट घेतलं असेल तर दुपारी तीनच्या आत मालेला पोचणारं विमान बघा, नायतर एक रात्र तिथंच हॉटेलात. आम्ही स्पीडबोटवालं बेट घेतलं, ४० मिनिटांत पोचलो, फक्त बायकोला उलट्या झाल्या, गोळी विमानातच घेऊन ठेवावी.

आता ऑल-इन्क्लुजिवचा घोळ. आमचा एजंट म्हणला, ‘साहेब, खाणं-पिणं-खेळणं समदं त्याच्यात आलं.’ तिथं गेल्यावर कळलं की डायव्हिंगचं फक्त पूलमधलं अर्ध्या तासाचं ट्रायल फुकट, समुद्रात उतरायचे पैसे वेगळे, डॉलरमध्ये. आम्हाला एका बोट डाइव्हला बोट, सामान, टॅक्स धरून साधारण ११० डॉलर पडले, पहिल्या दिवसाचा त्याहून महाग. पैसे देण्याआधी लेखी विचारा की किती डाइव्ह धरलेत, सामानाचं भाडं धरलंय का, बोटीचे वेगळे आहेत का. रिसॉर्टला माणशी दिवसाला १२ डॉलर ग्रीन टॅक्स आहे अन् बिलावर १७ टक्के टॅक्स अधिक सर्व्हिस चार्ज, ते दाखवलेल्या रेटमध्ये आहेत का तेही. अन् खरं सांगू का, डायव्हिंगलाच जायचं असेल तर ऑल-इन्क्लुजिव घेऊच नका, तीन वेळच्या जेवणाचं पॅकेज पुरतं. कारण जास्तीचे पैसे असतात ते दारूचे, अन् डायव्हिंगच्या आदल्या रात्री प्यायची नसते. मेहुण्यानं पैसे वसूल करायच्या नादात रात्री बारा वाजवले, सकाळी इन्स्ट्रक्टरनं तोंडाजवळ येऊन वास घेतला अन् बोटीवरून उतरवलं. ‘दाजी, तुम्ही तरी सांगा की याला’ मेहुणा मला म्हणे. म्या कशाला सांगतो.

डाइव्ह सेंटरला पहिल्यांदा एक मेडिकल फॉर्म देतात. दमा, बीपी, फिट, कानाचं ऑपरेशन, असले प्रश्न. यातल्या बऱ्याच ठिकाणी ‘हो’ आलं की डॉक्टरची सही लागते. बायकोला बीपीची गोळी चालू, झालं, अडकलो. लातूरच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवला, त्यांनी ओपीडी संपल्यावर सही-शिक्का मारून परत पाठवला, त्यात तिचा अख्खा दिवस गेला. हा फॉर्म नेटवर मिळतो, घरूनच भरून न्या, अन् गोळी लपवून ‘नाही’ लिहू नका, खाली गेल्यावर कोणी सोडवायला येत नाही.

मंग माझ्या मिशीचा प्रश्न आला. मास्क लावला की मिशीतून पाणी आत. पट्टा आवळला तरी आत, उलट आवळल्यानं जास्त. इन्स्ट्रक्टर तिथलाच पोरगा, हिंदी चांगलं बोलतो, म्हणला सर, मूछ काटना पडेगा. म्या म्हणलं बाबा, ही मिशी बापाच्या दहाव्यालाच काढली होती. शेवटी तोडगा निघाला, नाकाच्या अगदी खालची करंगळीएवढी पट्टी वस्तऱ्यानं काढायची, बाकी मिशी तशीच. रबर कातड्यावर बसलं की पाणी बंद. मिशीवाल्यांनी हे घरून करून जावं, अन् चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आहे का ते आधी विचारावं.

लगूनमध्ये, म्हणजे बेटाजवळच्या उथळ समुद्रात, कमरेएवढ्या पाण्यात तासभर शिकवलं: मास्कमधलं पाणी नाकानं फुंकून काढायचं, तोंडातला रेग्युलेटर (ज्यातून सिलेंडरची हवा घेतो तो) सुटला तर हात मागून फिरवून परत पकडायचा. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘झकास’ नव्हे, ‘वर चला’. झकासला बोटांचं गोल करायचं. अन् पहिला नियम, दम कधीच धरायचा नाही. इथं माझी गोची झाली. चार-पाच मीटरला गेलो, मास्कमध्ये जरा पाणी आलं, अन् आज्याच्या विहिरीनं शिकवलेलं अंग आपोआप वागलं, छाती भरून दम धरला. लगेच चेंडूसारखा वर निघालो. पोरानं जॅकेटला धरून खाली ओढलं अन् स्वतःच्या तोंडापुढं हात हलवत राहिला, सोडा, सोडा, सोडा. वर आल्यावर त्यानं समजावलं, दहा मीटरला दाब दुप्पट असतो, तिथं भरलेली हवा वर येईस्तोवर दुप्पट फुगते, दम धरून वर आलात तर फुप्फुस फाटतं. विहिरीत चालतं कारण तिथं आपण वरचीच हवा घेऊन गेलेलो असतो, ती खाली आकसते अन् वर येताना होती तेवढीच होते. सिलेंडरची हवा खाली घेतलेली असते. एवढं साधं, पण चाळीस वर्षांची सवय मोडायला मला तीन डाइव्ह लागले. बायकोला पोहणं जेमतेम येतं, तिला असली कुठलीच सवय नाही, ती पहिल्याच दिवशी माशावाणी.

कानाचं पण तेच. विहिरीत कान दुखला की दात चावून आणखी खाली जायचो. इथं तसं करू नका, दुखायची वाट न बघता वरून निघतानाच दर हात-दोन हातावर नाक चिमटून हलकेच नाकातून फुंकायचं, म्हणजे हवा कानाकडं जाते. दुखलंच तर मीटरभर वर येऊन परत. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही.

कोर्स नसलेल्या माणसाला १२ मीटरपर्यंतच नेतात, ओपन वॉटर हा पहिला डायव्हिंगचा कोर्स केला की १८. तेवढं बास आहे. माझ्या हातात तुळजापूरचा लाल दोरा आहे, दहा मीटरला बघतो तर काळपट शेवाळी, मला वाटलं रंग गेला, आईची शपथ दचकलो. त्या पोरानं टॉर्च मारला तसा दोरा परत लालभडक. पाणी लाल रंग आधी गिळतं म्हणे. मासे मात्र विचारू नका, पिवळ्या अंगावर निळ्या रेघांचे स्नॅपर इतके दाट की पोळा फुटल्यासारखे, एक कासव शांतपणे चरायलं, आमच्याकडं बघितलं पण नाही. पोपटमासा दगडाला दात लावतो त्याचा कर्रकर्र आवाज पाण्यात ऐकू येतो, जोंधळा खाणाऱ्या बैलासारखा. पण कोरल (प्रवाळ) फोटोतल्यासारखे नाहीत, बेटाजवळचे बरेचसे राखाडी, मेलेले. २०१६ अन् २०२४ ला पाणी तापून ब्लीच झाले, म्हणजे रंग जाऊन पांढरे पडले. रंग बघायचा तर बोटीनं लांब जावं लागतं. तळाचं काही उचलू नका, कोरल देशाबाहेर न्यायला बंदी आहे.

शेवटच्या दिवशी समुद्रात उतरू नका. एकच डाइव्ह केला असेल तर विमानाआधी कमीत कमी १२ तास, जास्त केले असतील तर १८ तास मोकळे लागतात. आम्ही पूर्ण दिवस सोडला, त्या दिवशी जेट्टीवर बसून शार्कची पिल्लं बघितली, संध्याकाळी गुडघाभर पाण्यात येतात.

जेवणात ट्यूना सकाळपासून. मस हुनी म्हणजे ट्यूना, खोबरं, कांदा, मिरची कालवून रोशीबरोबर, अन् रोशी म्हणजे आपली चपातीच. शनिवारी आमचा वार, मासे चालत नाहीत, शेंगदाण्याची चटणी अन् दही-भातावर भागलं. पाणी समुद्राचंच गोडं केलेलं, काचेच्या बाटलीत. आमच्याकडं २०१६ ला रेल्वेनं पाणी आलेलं, तशी सवय, म्हणून बायको बाथरूमचा नळ बारीक सोडायची. वाढपी बांगलादेशी होता, त्याला हे सांगितलं तर म्हणला मालेत २०१४ ला पाण्याचा प्लँट जळाला तेव्हा भारतानं विमानानं अन् जहाजानं पाणी पाठवलं होतं. म्हणजे आपणच पाठवलं, अन् दोन वर्षांनी आपल्यालाच रेल्वे लागली.

पैसे कमी असतील तर माफुशी, धिगुरासारख्या गावाच्या बेटावर गेस्टहाऊस घ्या, निम्म्याहून कमीत होतं, दारू नाही, कपड्याचे नियम आहेत, पण समुद्र तोच. अन् त्याआधी एकदा तारकर्लीला उतरून बघा, कान अन् मन दोन्ही कळतात. ओपन वॉटरच करायचं तर थिअरी ऑनलाइन अन् पूलचा भाग पुण्यात उरकून तसा लेखी कागद न्या, तिथं फक्त समुद्रातले चार डाइव्ह राहतात, सुट्टी वर्गात जात नाही.

मिशीची पट्टी पंधरा दिवसांत भरून आली. तोवर दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, काय झालं हो नाकाखाली?