आईच्या मांडीवरची उशी

काल रात्री आईला सोबत घेऊन ‘ऑल दॅट ब्रीद्स’ बघितला. शौनक सेन यांचा २०२२ चा माहितीपट, कान चित्रपट महोत्सवात गौरवलेला. असे सिनेमे आता घरबसल्या दिसतात, याचं मला फार अप्रूप आहे.

दिल्लीतले दोघे भाऊ जखमी घारींवर घराच्या तळघरात उपचार करतात. बऱ्याचशा घारी मांज्याने कापलेल्या. पहिली घार सापडली, तेव्हा पक्ष्यांच्या दवाखान्याने ती घेतलीच नाही. कारण काय, तर घार मांसाहारी! आई ताडकन म्हणाली, “अगं, मग तो जीव नाही का?” त्यानंतर ती उशी मांडीवर घट्ट धरून शेवटपर्यंत बसली. एरवी नऊ वाजले की पेंगते.

सकाळी गच्चीवर गेले. संक्रांत होऊन महिने लोटले, तरी शेजारच्या शेवग्यात नायलॉनचा हिरवा मांजा तसाच. बंदी असूनही नाशकात दरवर्षी हेच. ओढला तर बोटाला बारीक चीर पडली. त्याला पिसाचा तुकडा चिकटलेला होता, करडा.

आईने खालून कात्री आणून दिली. अर्धा तास लागला. आपापल्या गच्च्या बघा, प्लीज. गोदाघाटावर घारी रोज घिरट्या घालतात.