बर्र अल हिकमानचा वाटाड्या

आमची कंपनी छोटी, पुण्यातली. पक्षी पाहायला लोकांना देशात-परदेशात घेऊन जातो. परदेशातल्या सहलींसाठी तिथले वाटाडे नेमायचं काम माझ्याकडे आहे. ओमानची सहल सुरू करायचं ठरलं तेव्हा तिथल्या एका एजंटाने अंदाजपत्रक पाठवलं. गाइडच्या रकान्यात एकच माणूस, मस्कतपासून सलालापर्यंत. मस्कत ते सलाला अंतर साधारण हजार किलोमीटर. उत्तरेला हजर डोंगराच्या उघड्या-बोडक्या वाद्या (कोरड्या नद्यांच्या दऱ्या), मधे दगडगोट्यांचं वाळवंट, दक्षिणेला पावसाळ्यात हिरवागार होणारा धोफार, आणि पूर्वेला लांबच लांब किनारा. एवढं सगळं एकाच माणसाच्या पायाखालचं असेल, हे मला काही पटेना.

पक्ष्यांच्या बाबतीत हा देश अजून पुरता उलगडलेला नाही. हजर डोंगरात 2013 साली पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांना एका अनोळखी घुबडाची हाक ऐकू आली. नवी जात म्हणून तिला नावही दिलं गेलं. मग जुने नमुने तपासताना लक्षात आलं, की ए. ओ. ह्यूम यांनी 1878 मध्ये मकरान किनाऱ्यावरच्या ज्या एका नमुन्यावरून घुबडाचं वर्णन केलं होतं, ते हेच. काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम ते हेच बरं का. म्हणजे मधली सव्वाशेहून जास्त वर्षं हे घुबड कड्याकपारीत ओरडत होतं आणि पुस्तकांना त्याचा पत्ता नव्हता. अशा देशात पुस्तकातलं ज्ञान आणि त्या-त्या जागेवर राहणाऱ्याचं ज्ञान या दोन्हींची किंमत मोजावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून सहलीआधी मी स्वतः पाहणीला गेले. बाकीच्या ठिकाणांबद्दल इथे लिहीत नाही. बर्र अल हिकमानचा दिवस मात्र लिहून ठेवलाच पाहिजे.

मस्कतहून सिनावमार्गे दक्षिणेला पाच-सहा तासांचा रस्ता. मसिरा बेटाच्या समोर जमिनीचा एक सपाट तुकडा समुद्रात घुसलाय, त्याचं नाव बर्र अल हिकमान. आतल्या बाजूला मिठाच्या पापुद्र्यांची जमीन, तिला तिथे ‘सबखा’ म्हणतात, आणि समुद्राकडे मैलोन् मैल चिखल. हिवाळ्यात इथे पाच लाखांच्या आसपास पाणपक्षी उतरतात. सैबेरियातून, मध्य आशियातून आलेले चिखले, तुतवार, गॉडविट, रोहित, सुरय. आणि ज्याच्यासाठी जगभरचे पक्षीवेडे इथवर येतात तो क्रॅब प्लोव्हर. काळा-पांढरा, उंच पायांचा, जाड काळ्या चोचीचा. हा वाळूत बीळ खणून त्यात अंडं घालतो. किनारी पक्ष्यांमध्ये असं करणारा दुसरा कोणी नाही.

माझ्यासोबतचा परवानाधारक गाइड मस्कतचा, तिशीतला, कामात चोख. कुठलाही तुतवार पाठमोरा दाखवा, नाव सांगणार. आदल्या दिवशी गाडीतच तो मला म्हणाला, “ताई, पक्षी ओळखून द्यायला मी आहे. पण ते कुठे येतील आणि गाडी कुठे घालायची, हे मी सांगायला नको. फिलीममधल्या एका कोळ्याला भेटूया.” (ताई म्हणायचं त्याला मीच सांगितलं होतं. ‘मॅडम’ ऐकून कंटाळा आला होता.) स्वतःच्या कामातला वाटा दुसऱ्याला द्यायला सांगणारा गाइड मला सहसा भेटत नाही. त्याच क्षणी त्याचं नाव मी मनात पक्कं केलं.

फिलीम हे तिवरांच्या काठी वसलेलं कोळ्यांचं गाव. त्या कोळ्याचं वय साठीच्या पुढे असावं. बोटीवरचे मदतनीस बांगलादेशी, त्यांच्याशी बोलून-बोलून त्यांना कामापुरती हिंदी येत होती. मी चाचा म्हटलं, त्यांनी बेटी म्हटलं, आणि खजूर-कॉफी पुढे आली. कपची कॉफी संपली की तो हलवून परत द्यायचा, नाहीतर पुन्हा भरला जातो. सुरवातीची बरीच बोलणी मासळीचीच झाली. मी गुहागरची, त्यामुळे उधाण (मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) समजावून सांगायची त्यांना गरज पडली नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी चढतं तेव्हा पक्षी काठाला दाटतात, आणि भांगाच्या दिवसांत ते लांबच्या चिखलावर पांगलेले राहतात, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. आमच्या सहलीच्या कच्च्या तारखा बरोबर भांगावर पडत होत्या. त्या मी तिथल्या तिथे खोडल्या.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा नुकतीच उलटलेली. भरतीच्या तक्त्याप्रमाणे पाणी सकाळी उशिरा पूर्ण चढणार होतं, आणि गाइडने त्याआधी दोन तास निघायचं योजलं होतं. चाचा उजाडतानाच दारात हजर. रात्रभर दक्षिणेचा वारा होता, पाणी तक्त्याच्या आधी येणार आणि नेहमीपेक्षा आत येणार, आत्ता निघा, असं त्यांचं म्हणणं. जमीन ताटासारखी सपाट असेल तर वीतभर जास्तीचं पाणी किती आत शिरतं, हे तक्ता सांगत नाही. तक्ता बंदराचा असतो, चिखलाचा नसतो.

त्यांचा पिकअप पुढे, आमची गाडी मागे. सबखावरून जाणं हा अंगावर काटा आणणारा प्रकार आहे. वरून सगळं कोरडं, पांढरं, टणक दिसतं. खाली ओला चिखल. पापुद्रा फुटला की चाक आसापर्यंत जातं, आणि भरती येत असेल तर गाडी तिथेच सोडून पळावं लागतं. चाचा मधेच थांबत, उतरत, टाचेने जमीन दाबून बघत. एका ठिकाणी टायरच्या ठळक खुणा सरळ पुढे जात होत्या. आमचा ड्रायव्हर त्यावरून जायला निघाला, तर चाचांनी हात आडवा केला. खुणा मागच्या भांगातल्या, त्यानंतर उधाणाचं पाणी इथवर येऊन गेलंय. त्यांनी बोटाने दाखवलं तेव्हा कुठे मला दिसलं. खुणांच्या कडेची माती बाकीच्या मातीपेक्षा गडद होती, आणि पापुद्र्याला बारीक फोड आले होते. आम्ही मोठा वळसा घेतला.

एका बुटक्या झुडपांच्या पट्ट्याजवळ त्यांनी गाड्या थांबवल्या. सूर्य पाठीशी. समोर रिकामा चिखल, दूरवर पाण्याची रेघ. पक्षी म्हणावेत असे ठिपकेसुद्धा दुर्बिणीतूनच दिसत होते. गाइडने माझ्याकडे पाहिलं, मी चाचांकडे. त्यांनी किनाऱ्यावर वाळत पडलेल्या शेवाळाचा एक लांब पट्टा दाखवला. “पाणी तिथपर्यंत येईल. त्याच्या अलीकडे ते बसतील. गाडीतून उतरू नका.”

पाणी लाटेसारखं आलं नाही. चिखल आधी नुसता चमकला, मग त्यातल्या चरांमधून पाण्याच्या जिभा पुढे सरकल्या, आणि त्यांच्या पुढे-पुढे पक्षी. आधी बारके तुतवार आणि चिखले, उंदरांसारखे धावत. मग गॉडविट, पाण्यात पोटापर्यंत उभे राहून शेवटच्या क्षणापर्यंत चोच खुपसणारे. गाइड टेलिस्कोपला डोळा लावून नावं सांगत होता, मी लिहीत होते. मधेच तो थांबला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “ग्रेट नॉट.” एक-दोन नव्हे, दाट थवा. ईशान्य सैबेरियात वीण करणारा हा पक्षी आज धोक्यात आहे. पूर्वेकडे पिवळ्या समुद्राच्या काठची त्यांची विसाव्याची दलदल भरावाखाली गेली. दक्षिण कोरियातल्या सेमानगमचा समुद्रबांध 2006 मध्ये पूर्ण झाला, त्यात हजारो नॉटची जागा गेली. इथे ते अजून असे दाटीने उभे होते, हे पाहून माझा घसा दाटून आला.

क्रॅब प्लोव्हर सगळ्यांच्या शेवटी आले. सावकाश चालत, रांगेने, शेवाळाच्या पट्ट्याच्या बरोबर अलीकडे. राखाडी पाठीची पिल्लं आईबापांच्या मागे-मागे मान खाली घालून चिरचिरत होती. उन्हाळ्यात बिळाबाहेर पडलेली ही पोरं हिवाळा आला तरी अजून भरवून घेतात. आमच्यापासून सर्वात जवळच्या मादीने (की नराने, सारखेच दिसतात) एक खेकडा पकडला, आपटून त्याचे पाय मोडले आणि उरलेलं धड पिल्लाच्या पुढ्यात टाकलं. हे सगळं दुर्बीण न लावता दिसत होतं.

तेवढ्यात ड्रायव्हरला वाटलं, पाहुण्यांना फोटो आणखी चांगले मिळतील, म्हणून त्याने गाडी थोडी पुढे घ्यायला चावी फिरवली. चाचा त्यांच्या पिकअपमधून खाली उतरले नाहीत, नुसता काचेतून तळहात बाहेर काढून धरला. इंजिन बंद झालं. नंतर त्यांनी कारण सांगितलं. एवढ्या पाण्यात कोरडी जागा हीच उरलीय. उठवले तर ते मसिराच्या दिशेने पाण्यावरून लांब जातात आणि ही भरती संपेपर्यंत परत येत नाहीत. उपाशी आणि दमलेला पक्षी, त्याला उगाच कशाला उडवायचं? त्यांनी हे कुठल्या प्रशिक्षणात ऐकलेलं नव्हतं. जाळं टाकायच्या आधी पक्षी कुठे उतरलेत ते पाहायची त्यांना सवय होती, त्यातून आलेलं होतं.

परतल्यावर पैशांचं बोलणं काढलं, आणि खरा गुंता तिथे झाला. चाचा पैशांना हात लावेनात. घरी कॉफी प्यायलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचे म्हणजे त्यांना लाज. एजंटाला फोन केला तर त्याचा सल्ला, “जाताना हातावर काहीतरी ठेवा, माणूस खूश होतो.” मला ते मुळीच मान्य नव्हतं. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. उद्या दुसरा कोणी जाईल आणि निम्मं देईल, किंवा विसरेल. ज्या माणसाच्या टाचेवर आमच्या बारा पाहुण्यांचा जीव असणार, त्याचा मोबदला ‘इतर खर्चा’त दडवायचा?

वाट काढली ती मस्कतच्या गाइडने. तो त्यांच्याशी अरबीत बराच वेळ बोलला. आज ही तुमची पाहुणी आहे, आजचं काही घेऊ नका. पण पुढच्या वर्षी जे येतील ते कंपनीचे लोक, त्यांनी कंपनीला पैसे भरलेले असतील. ते तुमचे पाहुणे नव्हेत. हे चाचांना पटलं. मग दर ठरवायला बसलो. समुद्रावर न गेल्याने बुडणारी एक दिवसाची मासळी, पिकअपचं पेट्रोल, आणि आदल्या संध्याकाळी जमीन तपासून यायचे वेगळे पैसे. हा शेवटचा मुद्दा मी घातला, कारण दिवसाचं खरं काम ते आहे. कायद्याने परवानाधारक गाइड सोबत लागतोच, तो आहेच. चाचांसाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ आली, ‘स्थानिक वाटाड्या, बर्र अल हिकमान’, आणि तिच्यापुढे आकडा. आमच्या हिशेबनिसाने विचारलं, एका सकाळीला दोन गाइड कशाला? मी त्याला टायरच्या खुणांचा फोटो पाठवला.

चाचांनीही अटी घातल्या आणि मला त्या फार आवडल्या. सप्टेंबर ते नोव्हेंबर कोळंबीचा हंगाम, तेव्हा बोलावू नका. शुक्रवारी नमाजाच्या आधी नाही. दोनपेक्षा जास्त गाड्या नाहीत. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं, मग पाहुणा कितीही मोठा असो. शेवटची अट आता आमच्या माहितीपत्रकात शब्दशः छापली आहे.

पुण्याला आल्यावर ऑफिसात पंचांग उघडून जानेवारीची पौर्णिमा पाहिली, बर्र अल हिकमानचा दिवस तिच्यावर बसवला, मागचे-पुढचे मुक्काम त्याप्रमाणे हलवले, आणि विमानाची तिकिटं त्यानंतर काढली.