गेएनोचा क्रूस: मोडलेला, जोडलेला, जपलेला

जोसलँचा किल्ला पाहायला फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात पुष्कळ लोक येतात. तिथून थोड्याच अंतरावर, नैर्ऋत्येला गेएनो नावाचं लहानसं खेडं आहे. तिथे मात्र फारसं कुणी वळत नाही. मी खास तिथल्या क्रूसासाठी गेले होते.

चर्चच्या आवारात ग्रॅनाइटचा मोठा चौथरा आहे. वर मधोमध उंच क्रूस, दोन्ही बाजूंना येशूबरोबर क्रूसावर चढवलेल्या दोन चोरांचे क्रूस आणि त्यांच्या पायाशी माणसांची दाटी. काळ 1550 चा, म्हणजे प्रबोधनकाळाचा. वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती. ब्रिटनीत अशा शिल्पसमूहाला ‘काल्वेर’ म्हणतात. अक्षरओळख नसलेल्या गावकऱ्यांना येशूच्या यातनांची कथा या मूर्तींवरून समजे. आपल्या पिंगुळीचे चित्रकथी चित्र समोर धरून रामायण सांगतात, तसंच काहीसं. पुढ्यात एक वेगळा खांब आहे आणि त्यावर कोंबडा बसलेला. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला नाकारलं, तेव्हा आरवलेला तो कोंबडा.

ग्रॅनाइटचा कण जाडा. साडेचार शतकांहून जास्त पावसात नाकं बोथट झालीत, वस्त्रांच्या चुण्या पुसट झाल्यात, खांद्यांवर करडी-पिवळी दगडफुलं चढली आहेत. पण मला तिथे खिळवून ठेवलं ते झिजेने नव्हे, तर डागडुजीने.

1794 मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, क्रांतिकारकांनी हा क्रूस फोडला. पुढे जवळपास साठ वर्षं तो भग्नच राहिला. गावाला तो पुन्हा उभा करायचा होता. पण शिल्पकारांनी सांगितलेली रक्कम परवडणारी नव्हती. मग 1853 मध्ये तिथले धर्मगुरू जाको यांनी स्वतःच छिन्नी हाती घेतली. मदतीला त्यांचे सहायक धर्मगुरू. दोघांपैकी एकही शिल्पकार नव्हता. उरलेले तुकडे त्यांनी जोडले, जे हरवले होते ते नव्याने घडवले.

मागच्या अस्थिगृहापाशी येशूच्या कबरीचे दोन पहारेकरी आहेत, ते याच काळातले. ओबडधोबड, ठोकळ्यासारखे, टक लावून बघणारे. कलेचे जाणकार त्यांना भाबडे म्हणतील. मला ते फार आवडले. घडवणाऱ्याला अंगाचं प्रमाण साधलेलं नाही, पण त्याने कुठे अंग चोरलेलंही नाही.

आज हा क्रूस फ्रान्सच्या संरक्षित ऐतिहासिक वास्तूंमध्ये आहे. 1913 च्या कायद्यापासून अशा वास्तूला सरकारी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. जाकोंसारख्या हौशी माणसाला आज कुणी छिन्नी लावू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे जुन्या मंदिरांना ऑइलपेंट फासलेला पाहिला की असा कायदा गावोगाव पाळला जावा असं तळमळून वाटतं. पण जाकोंनी तेव्हा हात घातला नसता, तर जपायला इथे ढिगारा उरला असता. म्हणून त्यांचं काम खरवडून ‘मूळ’ रूप शोधत बसलेलं मला तरी रुचणार नाही. 1550 इतकंच 1853 सुद्धा या क्रूसाचं आहे.

जोसलँला गेलात तर वाकडी वाट करून इथे याच. समोरून पाहून परतू नका. मागे जाऊन ते दोन पहारेकरी आवर्जून बघा.