तुम्ही विचारलंत म्हणून: डांबर सोडून मातीत का?

प्रश्न एकच, शब्द तेवढे बदलतात. "इलेक्ट्रिक युनिसायकल सपाट रस्त्यावर धड येत नव्हती, तर कच्च्या वाटेवर कशाला गेलीस?" (इलेक्ट्रिक युनिसायकल म्हणजे मोटरवर चालणारं एकच चाक. त्याच्या दोन बाजूंच्या पेडलवर, म्हणजे पाय ठेवायच्या फळ्यांवर, उभं राहायचं.) कॉलरबोन मोडल्यापासून त्या प्रश्नाला शेपूट लागलंय: "आणि आता परत?" दोन वर्षं मी याची उत्तरं तुकड्यातुकड्यांनी देतेय, जिन्यात, फोनवर, कुणाकडून निघता निघता दारात. प्रत्येक वेळी अर्धंच बोलून होतं आणि समोरचा माणूस आपलं मत जसंच्या तसं घेऊन घरी जातो. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

आधी एक गैरसमज. हे चाक मुळात शहरातल्या रस्त्यांसाठीच आहे, असं मला पुष्कळांनी ऐकवलंय. शेन चेन यांनी २०११ साली सोलोव्हील नावाचं असं चाक आणलं तेव्हा ते खरंही होतं. हातात उचलून नेण्याजोगं छोटं चाक होतं ते. पण २०२० मध्ये इनमोशन कंपनीचं व्ही११ आणि किंगसाँग कंपनीचं एस१८ ही सस्पेन्शनवाली, म्हणजे खड्ड्यांचे धक्के शोषणारी, चाकं आली. गुळगुळीत डांबरासाठी कुणी एवढा खटाटोप करत नाही. तेव्हा 'भलत्या जागी नेलंस' हा आरोप मला मान्य नाही.

मी रस्त्यावर शिकलेच नाही, हेही खरं नाही. तीन आठवडे रोज सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये घालवलेत मी. एक पाय पेडलवर ठेवायचा, चाक नडगीला टेकवून धरायचं, दुसऱ्या पायाने जमीन ढकलायची आणि तो पाय वर घ्यायच्या आत चाक वळून जायचं. नडग्यांच्या आतल्या बाजूला आधी जांभळे, मग हिरवट-पिवळे डाग पडले. पुढेमागे तोल सांभाळायचं काम मोटर करते, पण डाव्या-उजव्या बाजूचा तोल आपला आपणच राखायचा असतो, आणि चालण्याच्या वेगाला तो सगळ्यात अवघड. थोडा वेग आला की सोपं होतं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी सरळ जाऊ शकत होते, मोठा वळसा घेऊ शकत होते, थांबू शकत होते. 'धड येत नव्हतं' म्हणता ते एवढं.

मग मातीत का गेले? मुळात मला जायचं होतं ते तिथेच. डांबरावरून कुठे पोचण्यासाठी मी चाक घेतलंच नव्हतं. झाडांमधून जाणाऱ्या अरुंद वाटेवर इंजिनाचा आवाज नाही, हँडल नाही, हात मोकळे, आणि नुसता भार टाचांकडून बोटांकडे सरकवला की आपण पुढे जातो. हे ज्याने अनुभवलेलं नाही त्याला कसं सांगू? मी सांगायला गेले की लोक मान डोलावतात आणि हेल्मेटबद्दल विचारतात. हेल्मेट होतं. पूर्ण चेहरा झाकणारं होतं.

दुसरं कारण मी तेव्हा फार ठासून सांगायचे, आणि त्यातला अर्धा भाग आजही मला पटतो. पार्किंगमध्ये मी पाय ताठ ठेवायला शिकले होते. सपाट जमिनीवर ताठ पाय चालून जातात, चूक आहे हे कळतच नाही. मातीच्या वाटेवर पहिल्या पन्नास मीटरमध्येच पोटऱ्या थरथरायला लागल्या आणि चाक डावी-उजवीकडे डुगडुगायला लागलं. उंचवटा आला की त्यावर चढायला मोटरला एकदम जास्त जोर लावावा लागतो. त्या क्षणी गुडघे ताठ असतील तर हिसका थेट कमरेत येतो आणि तळवे पेडलवरून उचलले जातात. गुडघे वाकलेले असतील तर चाक खालच्या खाली वर जाऊन येतं आणि डोकं आहे त्याच उंचीवर राहतं. हे मला कुणी शंभरदा सांगून कळलं नसतं. एक पाय दुसऱ्याच्या अर्धा बूट पुढे ठेवायचा, नजर पायाशी न ठेवता दहा मीटर पुढे ठेवायची, मुळं आडवी आली तर ती काटकोनात ओलांडायची, वाळूत वळायचं नाही, टायरमधली हवा थोडी कमी ठेवायची. एकेक गोष्ट मी एकेका पडण्यातून शिकले, आणि ही सगळी पडणी चालण्याच्या वेगातली, उठून कपडे झटकण्यासारखी होती. "माती माफ करते," असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. ते वाक्य पुढे येईलच.

आता तो दिवस. कोणी त्याबद्दल विचारलं की मी विषय बदलते, हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे.

मातीत जायला लागून चौथा महिना. सोबत माझा नेहमीचा मित्र होता, तो माझ्यापेक्षा खूप सफाईने चालवतो. दोन तास फिरून आम्ही परतत होतो. परतीच्या वाटेवर एक चढ आहे. गाड्या जाऊन जाऊन तिथे दोन खोल चाकोऱ्या पडल्यात. चाकोरी हा शब्द मी जन्मभर बोलण्यात वापरत आले, चाकोरीतलं आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार. पायाखाली खरी चाकोरी आली तेव्हा कळलं की त्यातून बाहेर पडणं म्हणजे काय. टायर एकदा आत शिरला की भिंतीला तिरका घासतो, वर चढायचं सोडून पुन्हा आत घसरतो आणि आपल्याला कडेला फेकतो. बाहेर यायचं तर नेट धरून, मोठ्या कोनात यावं लागतं. तेवढं मला येत नव्हतं. म्हणून मी आतूनच वर जायचं ठरवलं.

बॅटरी २२ टक्के होती. माझं चाक ८४ व्होल्टचं, म्हणजे बॅटरीत पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टची एक अशा २० सेल एकापुढे एक जोडलेल्या. बॅटरी उतरली की व्होल्टेज उतरतं, आणि चढावर मोटर जोरात करंट ओढते तेव्हा ते आणखी खाली बसतं. हे सगळं मला माहीत होतं. वाचलं होतं, समजलं होतं, दुसऱ्यांना सांगितलंही होतं.

अर्ध्या चढावर बीप वाजलं. मग पेडल बोटांकडून वर उचलायला लागलं. चाक स्वतःहून पेडल मागे झुकवतं, त्याला टिल्टबॅक म्हणतात. त्याचा अर्थ एकच असतो: आता पुरे, वेग कमी कर, उतर. बोटांखालून कुणीतरी हळूच फळी उचलतंय असं वाटतं. मी ते ओळखलं. ओळखलं नाही असं मी दोन महिने सांगत होते, पण ओळखलं होतं. वर दहा-बारा मीटरच राहिले होते, मित्र वर पोचून माझ्याकडे बघत उभा होता, आणि चाकोरीत उतरून चाक बाहेर ओढायचं म्हणजे ते २७ किलोंचं धूड हाताने उचलायचं. मी उचलल्या गेलेल्या पेडलवर बोटं दाबली आणि पुढे झुकले.

पुढे तळहाताएवढी एक दगडी पायरी होती. तिथे एकदम पेडल खाली गेलं. पुढे पडताना वेळ हळू होतो वगैरे म्हणतात, मला तसं काही झालं नाही. पायाखाली पेडल होतं, आणि मग तोंडासमोर चाकोरीची लाल भिंत होती. मनगटांवर गार्ड होते, गुडघ्यांवर होते, खांद्यावर काही नव्हतं. उजवा खांदा आधी टेकला. आवाज बाहेरून आला नाही, कानाच्या आतून आला. मागे चाक आडवं पडून जरासं फिरलं आणि थांबलं. मित्र धावत खाली आला आणि म्हणाला, "हलू नकोस, हलू नकोस," आणि मी त्याला पहिलं काय विचारलं, तर चाक ठीक आहे का. त्याचं मला अजून वाईट वाटतं. सहा आठवडे हात झोळीत होता.

त्या सहा आठवड्यांत मी सगळ्यांना सांगितलं की चाक बंद पडलं. कटआउट झाला. यंत्राने दगा दिला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते माझ्याच तोंडून ऐकलंय आणि म्हणूनच तुम्ही विचारता, की असल्या यंत्रावर परत कशी चढतेस. ते मी मागे घेते. चाकाच्या ॲपमध्ये नोंद आहे: चढाच्या पायथ्याशी ७० व्होल्ट, मग ६६, मग बीप, मग ६३, आणि पडल्यावर पुन्हा ७० च्या जवळपास. चाकाकडे होता नव्हता तेवढा जोर त्याने दिला, त्याच्या पलीकडचा मी मागितला. मित्राचं म्हणणं हेच आहे आणि नोंद त्याच्या बाजूची आहे.

पण हात झोळीतून निघाल्यावर मी चाक पुसायला घेतलं, तेव्हा उजव्या पेडलची बाहेरची कड दिसली. बूट घसरू नये म्हणून पेडलवर बारीक खिळ्यांसारख्या पिना असतात. उजव्या कडेच्या दोन पिना तिरक्या तासल्या गेल्या होत्या, धातू चकाकत होता, आणि त्यांच्या बुडाशी लाल माती वाळून घट्ट बसली होती. म्हणजे पडण्याआधी किंवा पडताना पेडल चाकोरीच्या भिंतीला आपटलं होतं. आधी आपटलं असेल, तर चाक तिथेच अडून मी फेकली गेले, आणि बॅटरी ८० टक्के असती तरी पडलेच असते. पडताना आपटलं असेल, तर त्या पिनांना काही अर्थ नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन पिनांमध्ये आहे, म्हणून एवढं लांबवलं. पेडल आपटून पडले असेन, तर तुमचं बरोबर: ती वाट माझ्या पायांच्या पलीकडची होती, रस्त्यावर एक वर्ष काढलं असतं तर चाकोरीतून बाहेर पडता आलं असतं. आणि टिल्टबॅक झिडकारून पडले असेन, तर रस्त्यावरही तशीच पडले असते, कुठल्या तरी पुलाच्या चढावर, मागे गाड्या असताना. मग मातीचा काय दोष? मी दोन्ही बाजूंनी स्वतःशी भांडून बघितलंय. रात्री एक पटतं, सकाळी दुसरं.

'माती माफ करते' म्हणणाऱ्या त्या मुलीवर मात्र माझा राग आहे. मऊ ठिकाणी, सावकाश पडली होती ती, एवढंच. त्या पन्नास-साठ पडण्यांतून तिने गुडघे वाकवायला शिकून घेतलं आणि त्याच पडण्यांतून, काही होत नाही, हेही शिकून घेतलं. बीप ऐकूनही पुढे झुकायचं धाडस तिला डांबराने दिलं नसतं, असं कधी कधी वाटतं. डांबराची भीती असते माणसाला. आणि लगेच वाटतं, भीतीने मी ताठ पायांचीच राहिले असते. तेव्हा, "आधी रस्त्यावर नीट शिकून घे," असं मी कोणाला सांगते का? नवीन माणसाने विचारलं तर सांगते. मी स्वतः पुन्हा शिकायला बसले तर तसं करीन का, हे मला सांगता येत नाही.

"आणि आता परत?" याचं उत्तर सोपं आहे. हो. खांद्याला पॅड असलेलं जॅकेट घातल्याशिवाय निघत नाही. ४० टक्क्यांखाली चढ घेत नाही. उलटपक्षी पूर्ण भरलेल्या बॅटरीने लांब उतारही सुरू करत नाही, कारण ब्रेक लावताना मोटर वीज परत बॅटरीत ढकलते आणि भरलेल्या बॅटरीत तिला जागा नसते. बीप वाजलं की उतरते, कोणी वर उभं राहून बघत असलं तरी. वाटेवर चालणारी माणसं दिसली की आधीच वेग तोडते, कारण आपला आवाज त्यांना येत नाही. एवढं सगळं करूनही भीती जात नाही. ती सोबत येते आणि मी तिला येऊ देते.

गेल्या महिन्यात त्या चढावर पुन्हा गेले. बॅटरी ८१ टक्के होती. पेडल चाकोरीच्या भिंतीला कुठे लागलं असेल ते एकदा मोजून बघायचं होतं, त्या तासलेल्या पिनांची उंची मी टेपने मोजून नेली होती. पण पावसाने उजवी कड ढासळलीय, चाकोरी अर्धी भरून आलीय आणि ती दगडी पायरी दिसतच नाही. मित्र म्हणाला, "आता तर जाशील सहज." मी चाक सुरूच ठेवलं, ते ढकलत न्यायचा दांडा धरला आणि चाकाच्या बाजूने चालत वर गेले. वर पोचल्यावर चढले आणि पुढे निघालो.