इंटरलॉकचे मशीन हाताला येईपर्यंत

गेली अकरा वर्षे मी घरी ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवते. कापडाच्या कडा इंटरलॉक करून, म्हणजे दशा निघू नयेत म्हणून दोऱ्यांनी गुंफून आणण्यासाठी दर दोन दिवसांनी बाजारातल्या एका दुकानात पिशवी घेऊन जावे लागे, आणि लग्नसराईत तिथे माझे कपडे तीन-तीन दिवस पडून राहत. अखेर मागच्या दिवाळीनंतर मी चार दोऱ्यांचे घरगुती मशीन विकत घेतले. त्याच्या पुस्तिकेत त्याला ओव्हरलॉक म्हटले आहे, पण आपल्या तोंडी इंटरलॉक हाच शब्द बसला आहे, म्हणून मीही तोच वापरते.

या मशीनला बॉबिन, म्हणजे साध्या मशीनमध्ये खाली बसणारी दोऱ्याची छोटी रीळ, नसते हे ऐकून माहीत होते. पण त्याचा अर्थ पहिल्याच संध्याकाळी कळला. दोन सुयांच्या जोडीला आत दोन लूपर, म्हणजे दोऱ्याचे फास टाकणारे वाकडे हात, असतात. खालचा लूपर आपला दोरा कापडाखालून आणतो, वरचा लूपर कडेशी त्यात गुंतून आपला दोरा कापडावरून नेतो आणि सुईचा दोरा या सगळ्याला कापडावर धरून ठेवतो. त्या दिवशी माझ्या खालच्या लूपरचा दोरा पाच वेळा तुटला. प्रत्येक वेळी मी चिमट्याने तेवढाच दोरा पुन्हा ओवायची आणि आठ-दहा टाक्यांनंतर तो पुन्हा तुटायचा. दोरा कच्चा असेल म्हणून मी रीळसुद्धा बदलले. चूक वेगळीच होती. सुया ओवलेल्या असताना खालचा लूपर पुन्हा ओवला, तर त्याचा नवा दोरा सुईच्या दोऱ्यात अडकतो आणि ताण येताच तुटतो. आधी सुयांतले दोरे काढायचे, मग लूपर ओवायचा आणि शेवटी पुन्हा सुया ओवायच्या. माझ्या मशीनचा क्रम वरचा लूपर, खालचा लूपर, उजवी सुई, डावी सुई असा आहे, आणि ओवताना कापड दाबणारे फूट वर उचललेले असावे लागते, नाहीतर दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसतच नाही. आता नुसता रंग बदलायचा असेल तर मी जुन्या दोऱ्याला नवा दोरा गाठ मारून ओढून घेते. फक्त सुईच्या नेढ्यातून गाठ जात नाही, म्हणून तिथे ती कापून दोरा हाताने ओवते.

टेन्शन समजण्यासाठी मी एक उपाय केला, आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकीला तोच सुचवीन. चारही ठिकाणी वेगवेगळ्या रंगांचे दोरे लावून चिंध्यांवर शिवत बसले. लूपरचे दोन्ही रंग कापडाच्या बरोबर कडेवर भेटले, की टाका जमला असे समजावे. वरच्या लूपरचा रंग मागच्या बाजूला उतरू लागला, तर तो सैल आहे किंवा खालचा फार घट्ट आहे. शिवण दोन्ही हातांनी ताणल्यावर सुलट बाजूने शिडीसारखे दोरे दिसले, तर सुईचे टेन्शन वाढवावे लागते.

होजिअरीचे कापड लाटांसारखे फुगत होते, तेव्हा डिफरेन्शियलचे बटण कामी आले. कापड सरकवणाऱ्या दातांच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन जोड्या असतात. आकडा 1 च्या वर नेला, की पुढचे दात मागच्यांपेक्षा जास्त कापड आत ढकलतात आणि ताणले जाणारे कापड सपाट राहते. मी साधारण 1.5 वर शिवते. उलट पातळ कापडावर चुण्या पडत असतील, तर आकडा 1 च्या खाली आणते. आकडा 2 आणि टाका सर्वांत लांब ठेवला, की मऊ सुती कापडाला आपोआप चुण्या येतात. लहान मुलींच्या फ्रॉकच्या घेराला त्या पुष्कळदा पुरतात.

खरा धडा मात्र पात्याने शिकवला. टाका पडण्याआधी हे पाते कापडाची कड कापत जाते. टाचणी त्याच्या वाटेत आली तर त्याची धार जाते, म्हणून मी आता टाचण्या कडेपासून दूर, कडेला समांतर लावते. पण टाचणीपेक्षा महाग पडली ती माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड. एका ताईंच्या खणाच्या ब्लाऊजला मी दोन्ही बगलांत नेहमीप्रमाणे एक इंच माया ठेवली होती. बाजू शिवून झाल्यावर, शिवण सुबक दिसावी या हौसेने, मी दोन्ही पदर एकत्र इंटरलॉकखाली घातले आणि पाऊण इंच माया पात्याने कापून टाकली. महिन्याभराने ब्लाऊज सैल करून द्या म्हणून त्या आल्या, तेव्हा उसवायला काही उरलेच नव्हते. बगलेत जोड देऊन काम भागवले आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून कापड आणि अस्तर एकत्र ठेवून प्रत्येक तुकड्याची कड मी आधीच, पात्याला फक्त दशा लागतील इतकीच आत घेऊन, इंटरलॉक करते आणि बाजू नंतर साध्या मशीनवर जोडते.

शिवण संपल्यावर दोऱ्यांची चार बोटे साखळी सोडते आणि ती दाभणात ओवून शिवणीच्या आत ओढून घेते, कारण इथे उलटी टीप मारता येत नाही.

जॉर्जेटच्या ओढणीचे पिको, म्हणजे कड बारीक गुंडाळून शिवणे, मात्र अजूनही मी त्याच दुकानातून करून आणते. डावी सुई काढून, टाका अरुंद करून आणि खालच्या लूपरचे टेन्शन वाढवून कड गुंडाळली जाते खरी, पण माझ्या हातून ती इतकी बारीक होते, की तीत कापडाचे फार थोडे धागे धरले जातात आणि ओढणी जरा ओढली, की सबंध कड फितीसारखी सुटून हातात येते.