तुमचा कार्यक्रम

सोलापूर, सोमवार, रात्रीचे साडेअकरा

डोंगरावरच्या गावातला संगीतोत्सव संपल्यावर, काल रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी तिथल्या भजनी मंडळातले तात्या मला म्हणाले, "बाई, तुमचा कार्यक्रम ब्येस झाला बघा." तेव्हापासून आतापर्यंत, म्हणजे घाट उतरून घरी आल्यावर, आंघोळ करून ताकभात खाल्ल्यावर आणि मंडपवाल्याचा फोन तिसऱ्यांदा टाळल्यावरही, त्या वाक्यातले 'तुमचा' काही डोक्यातून जात नाही. वाक्य कौतुकाचे होते, हे मला कळते. तात्या तोंडदेखले बोलणाऱ्यांपैकी नाहीत, हेही कळते. म्हणूनच तो शब्द जास्त लागला.

बोलताना त्यांची मान खाली होती. मांडीवर पखवाज आडवा धरून ते त्याच्या डाव्या तोंडावर आवाजासाठी लावलेली, आता वाळलेली कणीक अंगठ्याच्या नखाने कडेकडेने सोडवत होते आणि निघालेले तुकडे एका चिंधीवर जमवत होते. संध्याकाळी पाच वाजता भजनी मंडळ व्यासपीठावर बसले, तेव्हा पश्चिमेचे ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होते आणि अर्ध्या तासात तात्यांना दोनदा कणकेला पाण्याचा हात लावावा लागला होता. पाहुण्या तबलावादकांच्या वेळी मात्र दोन पंखे होते. असो, त्याविषयी पुन्हा कधीतरी.

या उत्सवाला नऊ उन्हाळे झाले. शहाणी माणसे असले उत्सव थंडीत करतात; पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३पासून चालत आला आहे आणि तो भरतो डिसेंबरात. आम्ही मात्र बालाघाटाच्या माथ्यावर मे महिना धरला. त्याला कारण होते. ऊसतोडीला गेलेली घरे चैत्राच्या आसपास गावाकडे परततात, शाळेला सुट्टी असल्याने कलाकारांना उतरायला वर्गखोल्या मिळतात, आणि खाली सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असताना वर संध्याकाळी वारा तरी सुटतो. (सह्याद्रीतले लोक आमच्या डोंगराला टेकाड म्हणतील, म्हणोत.) हा सगळा हिशेब अण्णांनी वहीत मांडून दाखवला होता. लग्नसराईत मंडप, जनरेटर आणि स्वयंपाकाला बाया यांपैकी एकही गोष्ट वेळेवर मिळत नाही, हे त्या वहीत नव्हते. ती वही आता कुठे आहे, कोण जाणे.

तेव्हा नऊ वर्षे मी दारोदार वर्गणी मागितली, वाढपाला उभी राहिले, टँकरची वाट पाहत रस्त्यावर बसले. परवा वळीव शिंतडून गेला आणि हवा एकदम निवली, तेव्हा नेहमीची तारांबळ उडाली. थंडाव्याने तारा आकसून तंबोरे चढले, ओलाव्याने तबल्याची पुडी सैल पडून तो उतरला, आणि श्रोते बसलेले असताना दोघांना काळी एक या एकाच सुरावर आणण्यात वीस मिनिटे गेली. ती वीस मिनिटे माइक हातात घेऊन लोकांशी काहीबाही बोलत राहिले ती मीच. इतके करून शेवटी तो कार्यक्रम 'माझा', तोही तात्यांच्या तोंडून, हे सकाळी घाट उतरताना मला इतके जाचले की एका वळणावर डोळे भरून आले. चालकाने आरशातून पाहिले आणि गाण्यांचा आवाज कमी केला.

ही अडचण खरे तर आपल्या भाषेने करून ठेवली आहे. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या अक्कांना 'नम्म' या एका शब्दात सगळे भागवता येते. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या तेलुगूत मात्र आपल्यासारखेच दोन शब्द आहेत. दुपारी विचारले तेव्हा त्या वाळवणाचे कापड झटकत म्हणाल्या, "'मन' म्हटलं की तुम्हीपण आत, 'मा' म्हटलं की तुम्ही बाहेर." मराठीत 'आपला' म्हणणारा घरात घेतो आणि 'आमचा' म्हणणारा उंबऱ्याबाहेर ठेवतो. 'तुमचा' म्हणणाऱ्याचे काय म्हणावे? तो तर पाहुण्याला आदराने एस. टी.पर्यंत पोचवून परत येतो.

आणि वस्तू कुणाची हे ठरते तरी कसे? माझ्या तंबोऱ्याला सगळे 'मिरजेचा' म्हणतात. त्याचा भोपळा पिकला मंगळवेढ्याकडच्या रानात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. मिरजेच्या कारागिरांनी तो कापला, वाळवला, दांडी जोडली, तारा चढवल्या, आणि तो मिरजेचा होऊन परत आला. भोपळ्याला कुणी विचारले नाही.

दुपारी झोप येईना म्हणून कार्यक्रमाचे चित्रण लावले. बागेश्री ऐन रंगात असताना मी विंगेतून घड्याळ दाखवते आहे, तेही त्यात आले आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. त्यामुळे मालकंस, दरबारी हे मध्यरात्रीचे राग आमच्या माथ्यावर कधी पोचलेच नाहीत, आणि भैरवी दरवर्षी अशी घाईघाईत उरकावी लागते. त्यानंतर माझे आभारप्रदर्शन. "तुमच्या गावाने आम्हांला जागा दिली, तुमच्या माउलींनी भाकरी थापल्या, तुमच्या तरुणांनी..." मी मध्येच थांबवून पुन्हा पहिल्यापासून ऐकले. चार मिनिटांत 'तुमच्या' सात वेळा. मग उठून निमंत्रणपत्रिका काढून पाहिली. तीत पाहुण्या कलाकारांची नावे ठळक, त्याखाली साथीदारांची जरा बारीक, आणि अगदी तळाशी 'तसेच गावातील भजनी मंडळ'. ते 'तसेच' माझ्याच अक्षरात छापखान्यात गेले होते.

मग मला थोडे हसू आले आणि त्याबरोबर तात्यांचे पुढचे वाक्यही आठवले, जे मी काल ऐकूनही ऐकले नव्हते. ते म्हणाले होते, "आता आपलं बसतो जरा भजनाला." वाळलेली कणीक काढणारा माणूस आवराआवर करतो आहे, असे मी धरून चालले होते, पण त्यांच्या गुडघ्याशी ॲल्युमिनियमच्या वाटीत ताज्या कणकेचा गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेला होता. आवरणारा माणूस कणीक मळून ठेवत नाही. मी मात्र "हो हो, बसा की" म्हणून खुर्च्या मोजायला गेले. बारा खुर्च्या कमी भरल्या होत्या. त्या मंदिराच्या सभामंडपात नेलेल्या निघाल्या, म्हाताऱ्या बायकांना बसायला. माइक नव्हता, दिवा एकच होता, आणि विठ्ठलाच्या रूपाचे अभंग सुरू झाले तेव्हा माणसे मात्र आमच्या बागेश्रीला होती त्याहून कमी नव्हती. हे मी वर्गखोलीच्या खिडकीतून, हातात खुर्च्यांची यादी धरून, उभ्याने पाहिले.

आता प्रश्न त्या 'आपलं'चा आहे. ते 'आपलं' म्हणजे तुम्ही-आम्ही सगळ्यांचे, या अर्थाचे होते का? तसे असेल तर ते आमंत्रण होते आणि मी ते खुर्च्यांसाठी टाळले. की ते फक्त त्यांचे स्वतःचे, तुम्ही निजा, अशा अर्थाचे? की 'आपलं सहज आलो', 'आपलं उगीच' यातले, ज्याला काहीच अर्थ नसतो? दुपारपासून मी ते वाक्य तिन्ही प्रकारे मोठ्याने म्हणून पाहिले आहे, आणि तिन्ही वेळा ते बरोबर वाटले. तात्यांना विचारण्यात अर्थ नाही. विचारले तर ते कानावरची टोपी सारखी करतील आणि च्या घेणार का म्हणतील.

संध्याकाळी त्यांच्या नातवाचा फोन आला. माझ्या एका तंबोऱ्याची गवसणी तिसरीच्या वर्गात राहिली आहे. "तात्यांनी पखवाजावर घातलीय. धूळ लागत नाही म्हणत्यात. पाठवून देऊ का?" मी नको म्हटले. तंबोऱ्याच्या मापाची ती गवसणी पखवाजाला फारच ढगळ होत असणार. तेव्हा खालचे टोक दुमडून वर नाडी आवळा, एवढे सांगायचे राहून गेले. उद्या मंडपवाल्याचे पैसे दिले की पहिला फोन तोच करायचा.